लेव्हल म्हणून मोबाईल फिरवला, पाईपलाईन करणाऱ्यांनी वाचाच

तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, वरच्या माळाला शेततळं आणि खाली ६४० मीटरवर बागेजवळ हौद. डोक्यात एवढंच होतं की तळ्यातलं पाणी मोटार न लावता उतारानं हौदात यावं, रात्री लाईटची वाट बघत बसायला नको. डोळ्याला उतार दिसतोय पण मध्ये उंचवटा आहे, म्हणून म्हणलं रीतसर लेव्हल काढून घेऊ, म्हणजे कुठं किती उंच-खाली ते मोजून घेऊ, ७,००० गेले तर गेले.

ओळखीतनं एक सर्व्हेवाला आला. गाडीतनं तिपाई काढून मशीन बसवलं, पोरानं फोटोपण काढला. पण मशीनमधनं बघायची पट्टी कुठंच नव्हती, तिथंच मला कळायला पाहिजे होतं. मोबाईल हातात धरून तळ्यापासून हौदापर्यंत चालत गेला, "दादा आता सगळं सॅटेलाईटवर असतंय" म्हणाला आणि अर्ध्या तासात गाडीत बसला. चार दिवसांनी कलर प्रिंट आली, तळ्यात आणि हौदात उंचीचा फरक ५.३७२ मीटर. दशांशानंतर तीन आकडे बघून मी गार.

जेसीबीनं तीन फूट चारी मारली, ९० एमएमचा पाईप टाकला, व्हॉल्व्ह सोडला आणि हौदात नुसती हवा. सर्व्हेवाल्याला फोन केला तर म्हणे मिस्त्रीनं पाईपला उतार नीट दिला नाही. मी पण तेच धरून बसलो, मिस्त्रीला चार लोकांत बोललो. सायफन करून बघितला दोनदा, दोन तासात हवा धरून बंद. नंतर सर्व्हेवाल्यानं फोन उचलायचंच सोडलं.

शेवटी मेव्हण्याचा पोरगा, डिप्लोमा सिव्हिल, रस्त्याच्या साईटवर आहे, तो एका रविवारी ऑटो लेव्हल (तिपाईवरची, आडवी सरळ रेषा दाखवणारी दुर्बीण) आणि चार मीटरची आकड्यांची पट्टी घेऊन आला. तळ्याजवळच्या दगडावर लाल रंगानं खूण केली, तिथनं सुरुवात. मशीन दर वेळी मागच्या आणि पुढच्या पट्टीच्या मधोमध, म्हणजे मशीनमध्ये थोडी चूक असली तरी दोन्हीकडं सारखी होऊन कटते. पट्टी माझ्या पोराच्या हातात, उन्हानं ॲल्युमिनियम तापलेलं, जरा हलली की हा लांबनं ओरडतोय "सरळ धर, बबल बघ!" हौदापर्यंत गेला आणि तिथं न थांबता परत मोजत मोजत त्याच लाल दगडावर आला. जाऊन येऊन पावणेतेराशे मीटर, त्याच दगडाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या उंचीत फरक ८ मिमी. साध्या कामाला किलोमीटरच्या वर्गमूळाला २४ नं गुणून येतील तेवढे मिमी चालतात, म्हणजे आम्हाला २७ पर्यंत चाललं असतं.

खरा हिशोब असा: भरल्या तळ्याच्या पाण्यापासून हौदाचा काठ १.४२ मीटर खाली, आणि मधला उंचवटा त्याच पाण्यापेक्षा १.६ मीटर वर. तीन फूट चारी वजा केली तरी पाईप पाण्याच्या वरच राहतोय, आणि तळं निम्मं झालं की बोलायलाच नको. मिस्त्री बिचारा काय करणार.

मग मी स्वतः माझा मोबाईल लाल दगडावर ठेवून सकाळी आणि संध्याकाळी उंची बघितली. दगड तिथंच, उंचीत ९ मीटरचा फरक! भाच्यानं सांगितलं की सॅटेलाईट सगळे डोक्यावर, पायाखाली एक पण नाही, म्हणून जीपीएसची उंची आडव्या जागेपेक्षा जास्त चुकते. ज्या फोनमध्ये हवेच्या दाबावरनं उंची काढतात तिथं दाब एक मिलीबार हलला की आठ-एक मीटर इकडचं तिकडं. आणि नेटवरनं फुकट मिळणारा उंचीचा डेटा बऱ्याचदा तीस-तीस मीटरच्या चौकोनाला एक आकडा असा असतो, त्यात आमचा उंचवटा कुठं दिसणार. आरटीकेवाला रोव्हर, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या स्टेशनकडनं चूक दुरुस्त करून घेणारं सर्व्हेचं जीपीएस मशीन, नीट फिक्स झाला तर दोन-चार सेंटीमीटरपर्यंत येतो, पण ती वेगळी वस्तू आहे, खिशातला फोन नव्हे.

त्यामुळं कुणी लेव्हल काढायला आलं तर पट्टी कुठाय विचारा, फील्ड बुकातली (जागेवर लिहिलेल्या वहीतली) पट्टीची वाचनं मागा, आणि सुरुवातीच्या खुणेवर परत येऊन किती फरक पडला ते त्याच्या सहीनं लिहून घ्या. कागदावरचे दशांश बघू नका.

आता तळ्यावर ३ एचपीची मोटार बसवलीय, म्हणजे परत लाईटचीच वाट. मिस्त्रीचे ३,५०० मी अडवून ठेवले होते, ते परवा घरी नेऊन दिले. घेतले त्यानं, पण चहाला बस म्हणाला नाही.