दोन्ही घरचा पाहुणा : मध्यस्थ संकेतस्थळ, हॉटेल आणि न सांगितलेली अनामत

खोली स्वच्छ होती, कर्मचारी सौजन्याने वागले आणि भाडेही आरक्षणाच्या वेळी दाखवले होते तेवढेच पडले. तरीही हॉटेलला मी पाचांपैकी तीन आणि ज्या संकेतस्थळावरून आरक्षण केले त्याला दोनच तारे देत आहे. कारण एकच : भाडे पूर्ण भरलेले असताना हॉटेलच्या काउंटरवर जवळजवळ दोन रात्रींच्या भाड्याएवढी अनामत मागण्यात आली, आणि तिच्याविषयी या दोघांपैकी कोणीही आधी स्पष्ट शब्दांत काही सांगितले नव्हते. अनामत घेणे चुकीचे आहे असे माझे म्हणणे नाही. माझी तक्रार ती लपून राहण्याबद्दल, आणि परत मिळवताना जी फरफट झाली तिच्याबद्दल आहे.

आधी 'लपून राहणे' म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण काउंटरवरच्या तरुणाने अगदी नम्रपणे सांगितले की, "हे संकेतस्थळावर लिहिलेले असते." ते खरोखरच लिहिलेले होते. हॉटेलच्या पानावर छायाचित्रे, सोयी-सुविधांची यादी, नकाशा आणि पाहुण्यांचे अभिप्राय हे सगळे ओलांडून खाली गेल्यावर 'हॉटेलचे नियम' नावाची एक घडी घातलेली पट्टी होती. तिच्यावर बोट टेकवले की ती उघडत असे, आणि पाळीव प्राण्यांविषयीचा नियम व धूम्रपानाविषयीचा नियम यांच्या मध्ये करड्या अक्षरांत एक ओळ होती : 'आगमनाच्या वेळी नुकसानीपोटी अनामत आकारली जाऊ शकते.' किती, कोणत्या मार्गाने आणि परत कधी, याचा पत्ता नव्हता. याउलट पैसे भरल्यावर आलेल्या ईमेलमध्ये ठळक हिरव्या चौकटीत म्हटले होते की, पूर्ण रक्कम मिळाली असून हॉटेलमध्ये काहीही द्यावे लागणार नाही. करडी ओळ त्या ईमेलमध्ये कुठेच नव्हती. ग्राहकाने दोन्हींपैकी कोणत्या वाक्यावर विश्वास ठेवावा, हे संकेतस्थळानेच ठरवून टाकल्यासारखे होते.

हॉटेलची बाजूही समजून घ्यायला हवी. खोली हाती दिल्यानंतर पाहुणा काय वापरील, काय मोडेल आणि बिल न भरता निघून जाईल का, हे हॉटेलला आधी कळत नाही. खोलीतल्या छोट्या फ्रिजमधील पेये, उपाहारगृहाचे खोलीच्या नावावर टाकलेले बिल, धुलाई, हरवलेली किल्ली, धूम्रपानबंदी असलेल्या खोलीत ओढलेली सिगारेट अशा गोष्टींसाठी काही रक्कम हाताशी असावी, ही अपेक्षा रास्त आहे. मध्यस्थामार्फत आलेल्या पाहुण्याच्या बाबतीत तर ती अधिकच रास्त ठरते, आणि याचे कारण बहुतेक ग्राहकांना ठाऊक नसते.

आपण संकेतस्थळाला आगाऊ पैसे देतो तेव्हा आपले कार्ड अनेकदा हॉटेलपर्यंत पोहोचतच नाही. पैसे संकेतस्थळ घेते, आणि आपले कमिशन वजा करून हॉटेलला देण्यासाठी पुष्कळदा एक तात्पुरते, केवळ आकड्यांच्या रूपातले कार्ड पाठवते. त्या कार्डावर खोलीचे भाडे आणि कर एवढीच रक्कम असते. त्यातून पाण्याच्या बाटलीचे पैसेही घेता येत नाहीत. म्हणजे हॉटेलच्या दृष्टीने पाहुणा दारात उभा असतो, पण त्याच्याकडून काही येणे निघाले तर वसूल करायला हाती काहीच नसते. दुसऱ्या पद्धतीत संकेतस्थळ फक्त आरक्षण नोंदवते, भाडे हॉटेल स्वतः घेते आणि कमिशन मागाहून चुकते करते. एक्सपीडिया मुख्यतः पहिल्या पद्धतीवर वाढली आणि बुकिंग डॉट कॉम दुसऱ्या. आता दोन्ही कंपन्या दोन्ही पद्धती वापरतात. (माझे आरक्षण या दोहोंपैकी कोणाकडेही नव्हते.) ग्राहकाने यातून घ्यायचे ते इतकेच की, 'आता भरा' हा पर्याय निवडला म्हणजे हॉटेलशी होणारा पैशांचा व्यवहार संपला, असे होत नाही.

आता खऱ्या दुखण्याकडे येऊ. अनामत दोन प्रकारे घेतली जाते, आणि काउंटरवर दोन्ही प्रकारांना सरसकट 'डिपॉझिट' म्हणतात. पहिल्या प्रकारात कार्डावरची ठरावीक रक्कम फक्त रोखून धरली जाते. व्यवसायाच्या भाषेत याला प्री-ऑथरायझेशन म्हणतात. पैसे खात्यातून जात नाहीत, पण तेवढी मर्यादा आपल्याला वापरता येत नाही. निघताना हॉटेल प्रत्यक्ष खर्चाएवढी रक्कम वळती करते आणि उरलेली अडवणूक सोडून देते. दुसऱ्या प्रकारात मात्र सरळ विक्रीचा व्यवहार होतो, म्हणजे पैसे खरोखरच हॉटेलकडे जातात आणि नंतर परताव्याचा स्वतंत्र व्यवहार करावा लागतो. पहिल्या प्रकारात हॉटेलने सोडण्याचा संदेश वेळेवर पाठवला तर बँक काही दिवसांत रक्कम मोकळी करते. पाठवलाच नाही तर अडवणूक आपोआप सरेपर्यंत थांबावे लागते, आणि मास्टरकार्डच्या नियमांत अशा पूर्वमंजुरीची मुदत 30 दिवसांची आहे. दुसऱ्या प्रकारात आपोआप सरण्यासारखे काही नसतेच. हॉटेलातील कोणीतरी बसून परतावा केला नाही, तर पैसे तिथेच राहतात.

क्रेडिट कार्ड असेल तर पहिल्या प्रकाराचा त्रास मर्यादेपुरता असतो. डेबिट कार्ड असेल तर अडवलेली रक्कम आपल्या स्वतःच्या पैशांतून बाजूला पडते, आणि प्रवासातल्या पुढच्या खर्चासाठी ठेवलेले पैसे खात्यात दिसूनही वापरता येत नाहीत. परदेशी चलनात विक्री आणि परतावा असे दोन व्यवहार झाले, तर दोन्ही दिवसांचा विनिमय दर वेगळा असू शकतो आणि बँकेचे परकीय चलनाचे शुल्क वेगळे लागू शकते. 'पूर्ण रक्कम परत केली' असे हॉटेल प्रामाणिकपणे म्हणत असतानाही खात्यात कमी पैसे येतात. रोख अनामत घेणारी हॉटेलेही असतात. तिथे पावती हाच एकमेव पुरावा, त्यामुळे ती सही-शिक्क्यानिशी घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये.

आमच्या बाबतीत यंत्रातून निघालेल्या चिठ्ठीवर 'सेल' असे छापलेले होते. तोंडी मात्र सांगण्यात आले होते की, रक्कम फक्त अडवून ठेवली जाईल. त्याच वेळी विचारले असता काउंटरवरच्या तरुणाने यंत्र उलटसुलट करून पाहिले, आतल्या खोलीत जाऊन कोणाला तरी विचारले आणि परत येऊन सांगितले की, या यंत्रावर अडवणुकीची सोय सुरूच केलेली नाही, त्यामुळे सगळ्यांकडून असेच घेतो. त्याचा सूर उर्मट नव्हता. आपण पाहुण्यांना जे सांगतो आणि यंत्र जे करते त्यांत फरक आहे, हे त्याच्याही तेव्हाच ध्यानात आले असावे. त्याने नोंदणीपत्रकावर रक्कम आणि 'निघताना परत' असे हाताने लिहून सही केली. हॉटेलचा तिसरा तारा मी त्या सहीसाठी दिला आहे.

निघताना खोली तपासली गेली, काही येणे नाही असे सांगितले गेले, आणि परतावा 'सिस्टिममधून होईल' असे आश्वासन मिळाले. त्यानंतर आठवडा उलटला तरी खात्यावर काही दिसेना. संकेतस्थळाच्या ग्राहक सेवेचा खरा परिचय इथून झाला. चॅटवर सुरुवातीला एक यंत्र बोलते. त्याला अनामत हा विषयच ठाऊक नाही, ते पुनःपुन्हा आरक्षण रद्द करायचे आहे का असे विचारत राहते. बऱ्याच खटपटीनंतर माणूस भेटला. त्याने दिलगिरी व्यक्त केली आणि अनामत हा पाहुणा व हॉटेल यांच्यातील व्यवहार असल्याने आम्ही त्यात काही करू शकत नाही, असे सांगितले. हॉटेलला फोन केला तर तेथील लेखा विभागाने सांगितले की, आरक्षण संकेतस्थळाचे आहे, तेव्हा तक्रार त्यांच्यामार्फत यावी. बँकेने कळवले की, परताव्याची कोणतीही नोंद आलेली नाही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण हॉटेलच्या पाहुण्याला इतकी शब्दशः लागू पडेल असे वाटले नव्हते.

अखेर उपयोगी पडला तो कागद. कार्ड यंत्राची चिठ्ठी, सही असलेले नोंदणीपत्रक आणि 'हॉटेलमध्ये काहीही द्यावे लागणार नाही' असे सांगणारा ईमेल ही तिन्ही एकत्र जोडून हॉटेलच्या व्यवस्थापकाला आणि संकेतस्थळाला एकाच पत्राने पाठवली, आणि ठरावीक तारखेपर्यंत पैसे न आल्यास बँकेकडे व्यवहाराविरुद्ध तक्रार दाखल करू, असे कळवले. कबूल केलेला परतावा मिळाला नाही, या कारणासाठी कार्डधारकाला बँकेमार्फत व्यवहाराला हरकत घेता येते, आणि हॉटेलांना अशा हरकती नको असतात, कारण त्यांचा हिशेब त्यांच्याच बँकेकडे ठेवला जातो. परतावा झाला. संकेतस्थळाने त्यानंतर 'आपली समस्या सुटल्याचा आनंद आहे' असा निरोप पाठवून सेवेचे मूल्यमापन करण्याची विनंती केली. ते इथे केले आहे.

संकेतस्थळाला हॉटेलपेक्षा कमी तारे का, असे कोणी विचारील. तर पैसे ज्याने घेतले, पान ज्याने रचले आणि कोणती माहिती ठळक व कोणती करडी हे ज्याने ठरवले, त्याची जबाबदारी मोठी. याच हॉटेलला नंतर थेट फोन करून, पाहुणा म्हणून न ओळख देता, अनामतीविषयी विचारले तेव्हा रक्कम क्षणात सांगण्यात आली. म्हणजे माहिती तयार होती. ती पानावर ठळक जागी यावी, असे संकेतस्थळाला वाटले नाही. भाड्याच्या आकड्यावरून शोधाच्या यादीत वर-खाली होणाऱ्या बाजारात, परत मिळणाऱ्या रकमेचा मोठा आकडा दाखवून ग्राहकाला बिचकवण्याची कोणालाच हौस नसते, हे व्यावहारिक कारण मला दिसते. पण भाडे परवडणाऱ्या माणसाला त्यावर आणखी दोन रात्रींची रक्कम अडकवून ठेवणे परवडेलच असे नाही, आणि हे त्याला दारात सामान घेऊन उभे राहिल्यावर कळणे हा अन्याय आहे.

कायदा या बाबतीत हळूहळू पुढे सरकतो आहे. युरोपीय संघाच्या पेमेंट सेवांविषयीच्या 2015 च्या निर्देशातील कलम 75 नुसार, अंतिम रक्कम आधी ठाऊक नसलेल्या कार्ड व्यवहारात बँकेला ग्राहकाच्या खात्यातील पैसे अडवायचे असतील, तर नेमक्या तेवढ्या रकमेला ग्राहकाची संमती असली पाहिजे. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनचा 12 मे 2025 पासून लागू झालेला नियम अल्पकालीन निवासाच्या जाहिरातीत सक्तीच्या शुल्कांसह एकूण किंमत ठळकपणे दाखवायला सांगतो आणि तो मध्यस्थ संकेतस्थळांनाही लागू आहे. सक्तीचे शुल्क आणि परत मिळणारी अनामत या निराळ्या गोष्टी आहेत, पण 'दाखवलेली किंमत' आणि 'काउंटरवर लागणारे पैसे' यांतील अंतर कमी करण्याची दिशा तीच आहे.

संकेतस्थळाच्या जमेच्या बाजू नाकारण्यात अर्थ नाही. अनेक हॉटेलांची तुलना एका जागी होते, ठरावीक मुदतीपर्यंत विनाशुल्क रद्द करण्याची सोय खरोखर चालते (ती मी पूर्वी वापरली आहे आणि पैसे विनातक्रार परत आले आहेत), आणि पाहुण्यांचे अभिप्राय शब्दानुसार शोधता येतात. ही शेवटची सोय अनामतीसाठी फार कामाची आहे. अभिप्रायांच्या शोधचौकटीत 'डिपॉझिट' हा शब्द टाकला की, हॉटेलच्या नियमांत नसलेली रक्कम, परताव्याला लागलेला वेळ आणि काउंटरवरचा वाद हे सगळे पाहुण्यांच्याच शब्दांत समोर येते. माझ्या मते पानावरील नियमांपेक्षा हे अभिप्राय अधिक भरवशाचे आहेत.

तेव्हा ज्यांच्याजवळ क्रेडिट कार्ड आहे आणि त्यावर भाड्याच्या दुपटीएवढी मर्यादा मोकळी आहे, त्यांनी रद्द करण्याच्या सवलतीसाठी हे संकेतस्थळ वापरायला हरकत नाही. मात्र आरक्षण झाल्याबरोबर त्याच्याच संदेश-सुविधेतून हॉटेलला अनामतीची रक्कम, ती अडवली जाणार की आकारली जाणार, आणि कोणते कार्ड चालते हे लेखी विचारून घ्यावे. उत्तर तिथेच नोंदले जाते आणि पुढे पुरावा ठरते. ज्यांच्याकडे फक्त डेबिट कार्ड आहे किंवा जे दुसऱ्याच्या कार्डाने पैसे भरणार आहेत, त्यांना माझा सल्ला वेगळा आहे. पुष्कळ हॉटेले अनामतीसाठी पाहुण्याच्या स्वतःच्या नावाचेच कार्ड मागतात आणि काही डेबिट कार्ड मुळीच घेत नाहीत, त्यामुळे अशांनी हॉटेलला थेट फोन करून तिथेच आरक्षण करावे, भाडे थोडे जास्त पडले तरीही.