'द पोएट' की 'द दान्ते क्लब'? कवितेच्या ओळींवर चालणाऱ्या खुन्यांच्या दोन कादंबऱ्या

दोन्ही पुस्तकांचं मलपृष्ठ वाचलं तर गोष्ट एकच वाटते. एक खुनी आहे, त्याच्या डोक्यात एक जुना थोर कवी घर करून बसला आहे, आणि ती कविता ज्याला उमगेल त्यालाच खुन्याचा माग लागणार आहे. वाचायला बसलं की मात्र दोन्हींची जातकुळी अगदी वेगळी निघते. आपल्या पिंडाला न मानवणारं पुस्तक आधी हातात पडलं तर माणूस या प्रकारच्या कादंबऱ्यांनाच कायमचा रामराम ठोकतो, म्हणून निवड जरा विचारपूर्वक करावी. खुनी कोण हे दोन्हींबाबत इथे सांगणार नाही.

मायकेल कॉनेली यांची 'द पोएट' १९९६ साली आली. गोष्ट सांगतो जॅक मॅकअव्हॉय, डेन्व्हरच्या 'रॉकी माउंटन न्यूज'चा गुन्हेवार्ताहर. त्याचा जुळा भाऊ शॉन हा खुनांचा तपास करणारा पोलीस. तो एका तळ्याकाठी स्वतःच्या गाडीत गोळी लागून मेलेला सापडतो. समोरच्या काचेवर आतून धरलेल्या वाफेवर त्रोटक मजकूर लिहिलेला असतो, त्याचा भावार्थ 'अवकाशापार, काळापार' असा. हाताशी असलेलं प्रकरण सुटत नव्हतं, मन खचलं होतं, त्यातून जीव दिला, असं म्हणून पोलीस फाईल मिटतात. जॅक पोलिसांच्या आत्महत्यांवर लेख लिहायला घेतो आणि शिकागोच्या एका डिटेक्टिव्हच्या मृत्यूपाशी येऊन थबकतो. तिथेही शेवटचा मजकूर असाच, एखाद्या कवितेतून तोडून आणल्यासारखा. दोन्ही ओळी एडगर ॲलन पो या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन कवीच्या निघतात. भावाच्या गाडीतली 'ड्रीम-लँड' या १८४४च्या कवितेतली.

इथून पुढे पुस्तक खाली ठेववत नाही. पण ते कवितेमुळे नाही, हे आधीच सांगायला हवं. पोच्या ओळी इथे खुन्याची सही आहेत. त्या तपासाची दारं उघडतात, अंगावर काटा आणतात आणि बाजूला होतात. पोच्या जागी दुसरा एखादा काळोखाचा कवी ठेवला असता तरी कथानक बहुतांशी तसंच उभं राहिलं असतं. कादंबरीचा खरा प्राण आहे पत्रकारिता. एफबीआयकडे तपास आहे आणि जॅककडे बातमी. बातमी दाबून ठेवण्याच्या बदल्यात तो तपासात सोबत येऊ देण्याची अट घालतो, आणि ती घासाघीस एखाद्या पाठलागाइतकी रंगते. कॉनेली स्वतः गुन्हेवार्ताहर होते, आणि ते पानोपानी जाणवतं: कुणाला कधी फोन करायचा, कुठलं वाक्य छापायचं, कुठलं राखून ठेवायचं. भाषा साधी, वाक्यं छोटी. मॉडेमच्या काळातलं तंत्रज्ञान आज जुनं वाटतं, पण त्याने रसभंग होत नाही. एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगतो: लहान मुलांवरचे अत्याचार हा या कादंबरीचा मोठा भाग आहे आणि काही प्रकरणं तसल्याच एका माणसाच्या मागोमाग चालतात. हा विषय सोसवत नसेल तर ही कादंबरी घेऊ नका.

मॅथ्यू पर्ल यांची 'द दान्ते क्लब' (२००३) हे वेगळंच प्रकरण आहे. साल १८६५, गाव बोस्टन, अमेरिकेचं यादवी युद्ध नुकतंच संपलेलं. अमेरिकन कवी हेन्री वॉड्सवर्थ लाँगफेलो मध्ययुगीन इटालियन कवी दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी' या महाकाव्याचं इंग्रजी भाषांतर करतो आहे. दर बुधवारी संध्याकाळी बोस्टनशेजारच्या केंब्रिजमधल्या त्याच्या घरी जेम्स रसेल लोवेल आणि डॉक्टर ऑलिव्हर वेंडेल होम्स हे कवी, प्रकाशक फील्ड्स अशी मंडळी जमतात आणि सर्गाच्या मुद्रितांवर ओळीओळीने खल करतात. हे मंडळ खरोखर होतं आणि ते भाषांतर १८६७ साली प्रसिद्धही झालं. लाँगफेलोची पत्नी १८६१ मध्ये कपड्यांनी पेट घेतल्याने वारली, तिला वाचवताना तोही भाजला, हेही खरं. पर्ल यांनी या खऱ्या माणसांच्या मधोमध एक काल्पनिक खुनी आणून सोडला आहे.

पहिला बळी एक न्यायाधीश. जिवंतपणीच अळ्यांनी पोखरलेला, शेजारी एक झेंडा. 'इन्फर्नो'चा, म्हणजे 'डिव्हाइन कॉमेडी'तल्या नरकाच्या भागाचा, तिसरा सर्ग वाचलेल्याला हे चित्र लगेच ओळखू येतं. ज्यांनी आयुष्यात कुठलीच बाजू घेतली नाही असे आत्मे तिथे एका झेंड्यामागे धावत असतात आणि माश्या-गांधीलमाश्या त्यांना डसत असतात. दुसरा बळी एक धर्मोपदेशक. डोकं खाली करून पुरलेला, वर राहिलेले तळवे जळलेले. धर्माचा बाजार मांडणाऱ्यांना दान्तेने एकोणिसाव्या सर्गात हीच शिक्षा दिली आहे. त्याच्या नरकात जसं पाप तसा दंड, आणि खुनी हा नियम अक्षरशः पाळतो. म्हणजे कविता इथे खुनाची रीतच ठरवते. कोण मरणार, का, आणि कसा, हे सगळं तिच्यातून येतं. ती काढून घेतली तर कादंबरीत काही उरणार नाही.

त्याहून मोठी खुबी अशी की त्या काळच्या बोस्टनमध्ये दान्ते बारकाईने जाणणारे लोक मोजकेच. पोलिसांकडे जावं तर पहिला संशय आपल्यावर, आणि हार्वर्डचे चालक आधीच या 'परक्या' कवीला विरोध करत असताना त्याच्या नावाला रक्त लागलं तर भाषांतर कायमचं बुडालं. वयस्क, सुखवस्तू कवी म्हणून स्वतःच तपासाला निघतात. होम्सची भीती आणि लोवेलचा तापट हट्ट मला खुनांपेक्षा जास्त लक्षात राहिला. निकोलस रे हा कृष्णवर्णीय पोलीस काल्पनिक आहे, पण युद्धानंतरच्या त्या शहराची कटुता सगळ्यात नेमकी त्याच्याच नजरेतून दिसते.

उणीव सांगायची तर सुरुवात फार संथ आहे. पात्रांची गर्दी, एकोणिसाव्या शतकाच्या वळणाची इंग्रजी, मध्येच विद्यापीठातलं राजकारण. सुमारे शंभर पानं चिकाटीने काढावी लागतात. आणि अळ्यांचं वर्णन जेवताना वाचण्यासारखं नाही.

डेव्हिड फिंचरचा 'सेव्हन' (१९९५) हा चित्रपट पाहिला असेल तर निवड सोपी होईल. त्यात मॉर्गन फ्रीमनचा सॉमरसेट रात्री ग्रंथालयात दान्ते आणि चॉसर काढून बसतो तो प्रसंग आवडला होता? मग 'द दान्ते क्लब'. तो प्रसंग कधी संपतो असं झालं होतं आणि पावसातल्या पाठलागाला ताठ होऊन बसला होतात? मग 'द पोएट', बिनदिक्कत. माझा स्वतःचा कौल पर्लकडे जातो, कारण खुनी कवितेतून प्रेरणा घेतो म्हटल्यावर मला ती कविता कळायला हवी असते, आणि ही कादंबरी संपवून मी 'इन्फर्नो' उघडलं. पण कोणी रहस्यकथा नव्याने वाचू लागलं असेल तर मी त्याच्या हातात कॉनेलीच देईन.

गंमत म्हणजे या दोन पुस्तकांतल्या पो आणि लाँगफेलो या कवींचंही एकमेकांशी जमलं नव्हतं. पोने लाँगफेलोवर वाङ्मयचौर्याचा आरोप केला होता आणि १८४५ मध्ये त्यावरून छापील वादही रंगला होता.

दान्ते आधी वाचलेला असायलाच हवा असं नाही. तिसरा सर्ग तेवढा वाचून घेतलात तरी पहिल्या खुनाची धार वाढेल. कॉनेलीच्या बाबतीत मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळा: 'द नॅरोज' (२००४) ही पुढची कादंबरी चुकूनही आधी उघडू नका, तिचं मलपृष्ठसुद्धा नाही. 'द पोएट'मधला खुनी कोण, हे तिथे उघड सांगितलेलं आहे.