फ्रेम घ्यायची का पिस्टन? स्पिटफायरचा तुकडा घरात आणताना

माझ्या डोक्यात दोनच ऑप्शन होते, एक म्हणजे स्पिटफायरच्या (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) पत्र्याचा तुकडा, मागे विमानाचं प्रिंट, वर काच अशी फ्रेम, आणि दुसरा म्हणजे त्यातल्या मर्लिन इंजिनचा पिस्टन लाकडी स्टँडवर.

फ्रेम दिसते मस्त. पण तुकडा बघायला गेलं तर दोन बोटांएवढा, कडेला एक रिव्हेटचं भोक आणि पुसट हिरवट रंग, बाकी सगळं प्रिंटच. त्यात आपला पुण्यातला पावसाळा, आमच्या सदाशिव पेठेतल्या भिंतीला ओल येते, काचेआड बुरशी धरली की संपलं.

पिस्टनचं तसं नाही, हातात घेता येतो. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५.४ इंच, म्हणजे जवळपास आमटीच्या वाटग्याएवढा, आणि असे १२, एकूण २७ लिटरचं इंजिन! वर काजळीचे डाग असतील तर घासू नका हां, तीच तर मजा आहे. गोची एकच, मर्लिन हे इंजिन हरिकेन, लँकेस्टर, मस्टँग अशा दुसऱ्या विमानांमध्येही होतं, त्यामुळे नुसता पिस्टन दाखवून 'स्पिटफायरचा' म्हणणाऱ्याला कागद मागा.

कागद तर दोन्हीला हवेतच. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्यानुसार पडलेलं लष्करी विमान लायसन्सशिवाय उकरता येत नाही, म्हणून कुठून काढलं ते विचारायचंच. नाहीतर जुन्या बाजारातला पत्रा आणि हा, फरक काय?

मी पिस्टन घेतोय. बायको म्हणते, पेपरवेट म्हणून तरी वापर.