पोलादी मांड्यांची बाहुली : एका अक्रोडफोडणीचे परीक्षण

न्यू जर्सीत आमच्या गल्लीतल्या एका घरी गॅरेजमध्ये जुन्या सामानाची विक्री होती, तिथून ही वस्तू मी तीन डॉलरला घेतली. हिलरी क्लिंटन २००७ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरल्या, त्याच सुमारास ती बाजारात आली होती आणि नवी असताना सुमारे वीस डॉलरला विमानतळांवरच्या दुकानांतसुद्धा मिळत असे. क्लिंटन यांच्याच रूपातली वीतभर उंचीची प्लॅस्टिकची बाहुली, अंगात पँटसूट, पिवळे केस, चेहऱ्यावर हसू आणि दोन मांड्यांच्या आतल्या बाजूंना पोलादी दाते. त्या दात्यांत अक्रोड धरायचा आणि पाय आवळायचे.

आधी उपयोगाबद्दल लिहिते, कारण अक्रोडफोडणी म्हणून विकलेल्या वस्तूने अक्रोड फोडलाच पाहिजे. पातळ कवचाचा अक्रोड दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला फुटतो, पण गर अखंड निघत नाही, त्याचा भुगा होतो. बदाम दात्यांतून सटकतो. दहा-बारा अक्रोडांनंतर बिजागरी ढिली पडली आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा पुढे येऊ लागला. माझ्या आजीचा पितळी अडकित्ता तिच्या मुठीत जसा बसत असे, तसे इथे काहीच हाताला बसत नाही. अडकित्त्यावर मोर, घोडे, स्त्री-पुरुषांच्या आकृती घडवण्याची रीत आपल्याकडेही जुनी आहे, त्यामुळे अवजाराला बाईचा आकार दिला एवढ्याने मला खटकले नसते.

खटकते ते पुढचे. इंग्रजी बोलीत कवचाच्या फळांचाच शब्द, ‘नट्स’, पुरुषाच्या वृषणांसाठी वापरतात, आणि सगळा विनोद त्या एका शब्दावर उभा आहे. सर्वोच्च पद मागणारी बाई पुरुषांना चिरडून टाकील, ही भीती म्हणजेच हा माल. क्लिंटन यांच्यावर टीका करण्याजोगे पुष्कळ होते. इराक युद्धाला मुभा देणाऱ्या ठरावाच्या बाजूने २००२ साली त्यांनी सिनेटमध्ये मत दिले, हा गंभीर आक्षेप होता आणि मतदारांनी तो घ्यायलाच हवा होता. पण या बाहुलीत त्या मताचा, त्यांच्या आरोग्यविमा योजनेचा किंवा कोणत्याही धोरणाचा मागमूस नाही. आहेत त्या फक्त मांड्या. २००८ च्या जानेवारीत न्यू हॅम्पशरमधल्या सेलम गावच्या सभेत दोन पुरुष उभे राहून ‘माझा शर्ट इस्त्री कर’ असे ओरडले होते, तेही याच जातीचे. उमेदवार काय म्हणते ते ऐकायचेच नाही, ती बाई आहे एवढ्यावर तिचा निकाल लावायचा.

अमेरिकेत गॅलप ही संस्था १९३७ पासून लोकांना विचारत आली आहे की, पात्र स्त्रीला अध्यक्षपदासाठी मत द्याल का. तेव्हा ३३ टक्के लोक हो म्हणाले होते. ही बाहुली विकली जात होती त्या काळात दहांपैकी जवळजवळ नऊ जण हो म्हणत होते. मात्र २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हाच प्रश्न आडवाटेने विचारला. एका गटाला चार विधाने दिली, त्यांत पेट्रोलची दरवाढ आणि खेळाडूंचे भरमसाट पगार अशा बाबी होत्या. दुसऱ्या गटाला तीच चार आणि पाचवे, ‘स्त्री राष्ट्राध्यक्ष होणे’. कोणत्या गोष्टीचा राग येतो हे सांगायचे नव्हते, किती गोष्टींचा येतो तो आकडा तेवढा सांगायचा होता. दोन्ही गटांच्या सरासरीतल्या फरकावरून निघाले की, सुमारे २६ टक्के लोकांना ती पाचवी बाब संतापजनक वाटत होती. ओठांत एक आणि पोटात एक म्हणतात ते असे मोजता आले. मला वाटते, या बाहुलीसाठी वीस डॉलर मोजणाऱ्यानेही पोटातलेच बाहेर काढले होते, आणि तेही उघड्यावर, हसतहसत.

क्लिंटन २०१६ साली आणि कमला हॅरिस २०२४ साली हरल्या, त्याचे सगळे खापर या वृत्तीवर फोडणे मला मान्य नाही. अमेरिकेत बहुतेक मतदार आधी पक्ष पाहतात, आणि क्लिंटन यांना २०१६ मध्ये देशभरात ट्रम्प यांच्यापेक्षा जवळपास २९ लाख मते जास्तच मिळाली होती, त्या हरल्या त्या राज्यवार मतांच्या गणितात. पण काट्याच्या लढतीत थोड्या मतदारांच्या पोटातली अढीसुद्धा जड होते, आणि ही अढी पुरुष उमेदवाराच्या वाट्याला येतच नाही. आपल्या महाराष्ट्राला १९६० पासून एकही स्त्री मुख्यमंत्री मिळालेली नाही, त्यामुळे हे लिहिताना दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखे मला वाटले नाही.

अक्रोड फोडायचे असतील, तर ही वस्तू घेऊ नका. खलबत्त्यातला बत्ता बरा. भेट म्हणून तर कोणालाच देऊ नका. विकणाऱ्या बाईंना मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की ऑफिसातल्या नाताळच्या पार्टीत ती त्यांना मिळाली होती, त्या क्लिंटन यांच्या बाजूच्या आहेत हे सगळ्यांना माहीत होते, सगळे हसले आणि त्याही हसल्या. घरी येऊन खोके उघडले, तर तळाशी भेटकार्ड तसेच होते. त्यावर सहा जणांच्या सह्या होत्या, आणि दाते कोरे करकरीत होते. तोवर त्यांत कोणी एकही अक्रोड घातलेला नव्हता.