नव्या बेल्टचे पैसे घेतले, बसवला जुनाच

जळगावच्या एका शिक्षिकेची ११० सीसीची स्कूटर जागेवरून सुटताना थरथरायची. गॅरेजवाल्याने कव्हर न उघडताच सांगून टाकलं, "ताई, क्लच गेला. आख्खा सेट टाकावा लागेल." बेल्ट (इंजिनची ताकद मागच्या चाकाकडे नेणारा रबरी पट्टा), पुढच्या पुलीतले सहा रोलर आणि क्लच असेंब्ली अशा तिन्हींचे पैसे घेतले आणि हिशोब चिठोऱ्यावर लिहून दिला. तीनच आठवड्यांत चाळीसगावहून कन्नड घाट चढताना बेल्ट तुटला.

दुसऱ्या मेकॅनिकने डाव्या बाजूचं कव्हर उघडलं तेव्हा सगळं उघड झालं. रोलर जुनेच होते, एका बाजूने चपटे झालेले. क्लच शू, म्हणजे क्लचमधले घासणारे तुकडे, नुसते घासून परत लावलेले. बेल्टही तोच, टायर पॉलिशने काळाभोर केलेला. तुटलेला तुकडा उलटा वाकवल्यावर दातांच्या बुडाशी बारीक भेगा स्पष्ट दिसल्या. पॉलिशमुळे बेल्ट पुलीवर घसरतो, घसरला की तापतो, आणि मे महिन्यातल्या जळगाव-भुसावळच्या उन्हात त्याला थंड व्हायला वावच मिळत नाही.

मुळात सुटतानाची थरथर बहुतेक वेळा क्लच शू आणि बेलच्या (शू ज्याला आतून घासतात त्या वाटीच्या) आतल्या बाजूला चकाकी आल्याने होते. दोन्हींवर सँडपेपर मारून कोरड्या फडक्याने पुसलं की काम भागतं. बेल उन्हाने नव्हे, घासून तापते; ती निळी पडली असेल किंवा शूचं लायनिंग संपलं असेल तरच खर्च करावा. बेल्ट झिजला की लक्षण वेगळं असतं. तो अरुंद होतो, पुढच्या पुलीत पुरेसा वर चढत नाही, म्हणून इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही. रोलर चपटे झाले की वेग धरताना झटके बसतात.

नवा बेल्ट बसवतानाही घोळ होतो, आणि तो लगेच कळत नाही. मागची पुली हाताने उघडून बेल्ट तिच्यात खोल दाबावा लागतो, म्हणजे पुढे तो सैल राहतो. घाईत हे केलं नाही तर पुढच्या पुलीच्या दोन थाळ्यांत बेल्ट चिमटला जातो. नट आवळायच्या गनने नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण थाळी बॉसवर (शाफ्टवरच्या मधल्या नळीवर) टेकलेलीच नसते. थोडं चालल्यावर बेल्ट आत सरकतो, नट ढिला पडतो आणि हलणारी थाळी शाफ्टच्या खाचा खाऊन टाकते. तो खर्च बेल्टच्या कितीतरी पट. नट टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्यानेच, आवळायला लावा. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेला हवा. पुलीच्या थाळ्यांवर ग्रीसचा ठिपकाही नको.

गाडी देण्याआधी मेकॅनिकला तुमच्यासमोरच कव्हर उघडायला सांगा. जुन्या बेल्टच्या पाठीवर नेलपॉलिशची रेघ ओढून ठेवा. तो बदलला की नाही ते पुढच्या वेळी कव्हर उघडल्यावर दिसतं. नव्या बेल्टची रुंदी तिथेच व्हर्नियरने मोजा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. पार्ट नंबर पाकिटावर आणि बेल्टवर एकच आहे ना, तेही बघा. पाकीट आणि काढलेले पार्ट घरी आणा. "राहू द्या ना, भंगारात टाकतो" म्हणाला तर मुद्दाम आणा.

पक्कं बिल, पाकीट आणि जुने पार्ट हाताशी असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करताना दाखवायला काहीतरी असतं. त्या ताईंकडे फक्त चिठोरा होता, त्यावर गॅरेजचं नावही नव्हतं.