हँडल तीनशे ऐंशीचं, बिल सत्तावीस हजारांचं

यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या चौकटीच्या खिडक्यांची हँडलं बदलायला कुणाला बोलावणार असाल, तर तो दारात येण्याआधी एवढं करा. पल्ला पूर्ण उघडा आणि उघड्या पल्ल्यावरच हँडल फिरवून पाहा. पल्ल्याच्या कडेला धातूची लांब पट्टी असते, तिच्यावरचे छोटे रोलर वर-खाली सरकले, म्हणजे आतलं लॉक शाबूत आहे. या लॉकलाच ही मंडळी ‘गिअर’ म्हणतात. मग समोरचा माणूस गिअर बदलायची भाषा करू लागला, तर त्याला पाणी द्या आणि वाटेला लावा.

आमची इमारत ठाण्यात घोडबंदर रोडला आहे. खिडक्या बिल्डरनेच बसवलेल्या, बाहेर उघडणाऱ्या. पावसाळा तोंडावर आला होता. स्वयंपाकघरातलं हँडल नुसतंच गरगर फिरायचं. बेडरूममधलं मानेपाशी तुटून हातात आलं. बाकीच्यांचा पांढरा रंग उडून खालचा करडा धातू दिसायला लागला होता. तुटक्या खिडकीला सासूबाईंनी परकराची नाडी बांधून ठेवली होती. बिल्डरला विचारायची सोय नाही. सोसायटी ताब्यात दिल्यापासून तो फोन उचलत नाही, ते वेगळंच रामायण.

चौकटीवर खिडकीच्या कंपनीचं नाव छापलेलं असतं. ते नाव आणि पुढे ‘ठाणे सर्व्हिस’ असं मोबाइलवर शोधलं. सगळ्यात वर नकाशावरच्या एका नोंदीतला नंबर आला. सोबत कंपनीचं नाव, कंपनीचा लोगो आणि खाली भरभरून चांगले अभिप्राय. फोन घेणाऱ्या मुलीने कंपनीचं नाव घेऊनच नमस्कार केला, तक्रार क्रमांक दिला आणि भेटीचे ४९९ रुपये आधी भरायला लावले. खऱ्या कंपनीचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता. नकाशावर दुकानाची नोंद करताना नाव, फोटो आणि नंबर टाकणारा स्वतः टाकतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. कंपनीचा खरा नंबर तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असतो, किंवा ताबा घेताना मिळालेल्या वॉरंटीच्या कागदावर.

दोन मुलं आली. बोलायला अत्यंत नम्र, चपला दाराबाहेर, सासूबाईंना ‘आजी’, मला ‘मॅडम’. दोघांतल्या मोठ्या मुलाने सगळ्या खिडक्या पाहिल्या आणि स्वयंपाकघरात येऊन थांबला.

“मॅडम, हँडलला काही झालेलं नाही. हँडल हे नुसतं लक्षण आहे. आजार आत आहे.”

आता तो आजार त्याने कसा ‘दाखवला’ ते सविस्तर सांगते, कारण सगळी कला तिथेच आहे.

हँडलच्या बुडाशी एक झाकण असतं, ते आडवं फिरवलं की खाली दोन स्क्रू दिसतात. ते काढले की हँडल सरळ बाहेर येतं. त्याच्या पाठीमागे एक चौकोनी दांडी असते, तिला स्पिंडल म्हणतात. ती पल्ल्यातल्या चौकोनी भोकात जाते आणि गिअर फिरवते. या पद्धतीच्या खिडक्यांत ती बहुधा ७ मिलिमीटर जाडीची असते. पोराने हँडल काढलं आणि त्या भोकात एक बारीक स्क्रूड्रायव्हर घालून फिरवला. “बघा मॅडम, फिरतंय, पण रोलर हलतोय का? दात झिजलेत गिअरचे.” रोलर खरंच हलत नव्हता. हलणार कसा? सात मिलिमीटरच्या चौकोनी भोकात चार-पाच मिलिमीटरची गोल दांडी घातली, तर ती आतल्या आत फिरत राहणारच. गिअर तपासायचा तर त्यात बरोबर मापाची चौकोनी दांडी घालून फिरवायला हवी, किंवा दुसऱ्या खिडकीचं धड हँडल लावून. दोन मिनिटांचं काम.

दुसरा प्रयोग हॉलच्या खिडकीवर झाला. ती बंद करून त्याने मला हँडल फिरवायला सांगितलं. फार जड गेलं. “गिअर जाम,” तो म्हणाला. ही खिडकी तशी जड जातच होती, त्यामुळे पटलं. पण बंद खिडकीत हँडल जड जाणं आणि गिअर जाम होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेर उघडणारा पल्ला ज्या सरकत्या बिजागरीवर पेलला जातो, तिला फ्रिक्शन स्टे म्हणतात. वर्षानुवर्षं काचेचं वजन पेलून तिचे स्क्रू ढिले होतात आणि पल्ला किंचित खाली बसतो. मग रोलर चौकटीवरच्या खोबणीत सरळ शिरत नाहीत, कडेला अडतात. आपण जोर लावतो, आणि तो सगळा जोर हँडलच्या मानेवर जातो. आमचं हँडल तुटलं ते यामुळे. बिजागरी नीट केली नाही, तर नवं हँडलही त्याच जागी तुटतं, कितीही महागाचं आणा. हॉलची तीच खिडकी उघडून हँडल फिरवलं असतं, तर ते बोटाने फिरलं असतं. त्याने पल्ला उघडा असताना एकाही हँडलला हात लावला नाही.

मग पिशवीतून नवी हँडलं निघाली. चकचकीत, हाताला जड. “तीनशे चार ग्रेड स्टेनलेस. आयुष्यभर गंजणार नाही.” आणि खिशातून चुंबक. चुंबक जुन्या स्क्रूला चटकन चिकटलं, नव्या हँडलला चिकटेना. सासूबाईसुद्धा प्रभावित झाल्या.

या चुंबकाने गेल्या काही वर्षांत किती घरं गंडवली असतील कोण जाणे. ३०४ ग्रेडच्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही, हे खरं. पण २०२ ग्रेडच्या स्वस्त स्टीललाही ते चिकटत नाही. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगेनीज जास्त, त्यामुळे दमट हवेत ते लवकर डाग धरतं. आणि चुंबक झिंकला चिकटत नाही, अॅल्युमिनियमला नाही, पितळेलाही नाही. म्हणजे चुंबक चिकटलं नाही, याचा अर्थ एवढाच की ते साधं लोखंड नाही. जड लागतं म्हणून स्टील, हाही भ्रम. ओतीव झिंक अॅल्युमिनियमच्या जवळजवळ अडीचपट जड असतं, हातात घेतल्यावर स्टीलसारखंच वाटतं. झिंकचं हँडल वाईटच असतं असंही नाही. बाजारातली पुष्कळ चांगली हँडलं झिंकची किंवा अॅल्युमिनियमची असतात, वर पावडर कोटिंग नीट असलं की वर्षानुवर्षं टिकतात. झिंक विकायला हरकत नाही. ते स्टील म्हणून आणि स्टीलच्या दराने विकलं, तर ती लबाडी.

हिशेब असा झाला. सहा हँडलं, प्रत्येकी १,९५० रुपये. चार गिअर, प्रत्येकी २,८००. झाले २२,९००, वर जीएसटी १८ टक्के म्हणजे ४,१२२. “सत्तावीस हजार द्या मॅडम, वरचे बावीस सोडतो.” पैसे आधीच घेतले. का, तर ‘कंपनीच्या सिस्टिममध्ये पेमेंट दिसल्याशिवाय वॉरंटी चालू होत नाही’. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर कंपनीऐवजी भलत्याच माणसाचं नाव दिसलं. विचारलं तर म्हणे, “ते आमचे फ्रँचायझीवाले.”

गिअर बदलताना त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं. धूळ उडते, आजींना त्रास होईल, असं कारण. आतून ड्रिलचा आवाज येत होता. बाहेर आले तेव्हा सगळी हँडलं चकाकत होती आणि खिडक्या खरोखर हलक्या फिरत होत्या, वंगणाचा फवारा मारल्यावर फिरतात तशा. जुनी हँडलं आणि ‘जुने गिअर’ भंगारात टाकतो म्हणून सोबत घेऊन गेले. माझ्या मते सगळ्यात महागात पडलं ते हे. काढलेला प्रत्येक जुना भाग घरातच ठेवून घ्या, कितीही कळकट असला तरी. नंतर वाद झाला तर काय बदललं आणि काय नाही, याचा तेवढाच पुरावा आपल्या हातात असतो.

श्रावण संपेपर्यंत पश्चिमेकडच्या दोन हँडलांवर फोड आले आणि फोडांतून पांढरी भुकटी गळू लागली. स्टेनलेस स्टीलवर अशी भुकटी येत नाही, ती झिंकची. गणपतीच्या आधी सासूबाई खिडकी लावत असताना एक हँडल तुटलं. तुटलेला भाग आतून राखाडी आणि रवाळ होता. नंबर लावला तर बंद.

मग स्टेशनजवळच्या एका फॅब्रिकेटरला, म्हणजे खिडक्या बनवणाऱ्या कारागिराला बोलावलं. त्याने आधी पल्ला उघडला. मग बेडरूमच्या पल्ल्याच्या कडेची धातूची पट्टी पुरती सोडवून गिअर बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला. त्यावर बिल्डरच्या काळातल्या रंगाचे शिंतोडे होते आणि एका कोपऱ्यात कोळ्याचं जुनं जाळं. “वहिनी, हा गिअर पहिल्या दिवसापासून इथेच आहे. याला कुणी हात लावलेला नाही.” उरलेले तीनही तसेच निघाले. दार लोटून ड्रिल चालवला होता तो कशासाठी, हे आजही कोडं आहे. बहुधा फक्त आवाजासाठी.

खरं नुकसान मात्र एका ठिकाणी झालं होतं, आणि ते त्यांनीच केलं होतं. स्वयंपाकघरातल्या नव्या हँडलचा स्पिंडल आखूड होता, गिअरच्या भोकात जेमतेम टेकत होता. त्यामुळे भोकाचे कोपरे घासून गोल झाले. तो एक गिअर खरोखरच बदलावा लागला. दुसऱ्या एका हँडलचा स्पिंडल लांब होता, तिथे त्यांनी हँडल टेकावं म्हणून खाली वॉशर कोंबले होते.

म्हणून हँडल घ्यायला जाताना जुनं हँडल सोबत न्या. ते हरवलं असेल तर तीन मापं न्या: स्पिंडलची जाडी, हँडलच्या बुडापासून स्पिंडल किती बाहेर येतो ती लांबी, आणि दोन स्क्रूंच्या मध्यांमधलं अंतर. हे अंतर युरोपियन पद्धतीच्या हँडलांत बहुतेकदा ४३ मिलिमीटर असतं. लांबीत मात्र खिडकीगणिक फरक पडतो, आणि घोळ होतो तो तिथेच. काही अॅल्युमिनियमच्या खिडक्यांत चौकोनी दांडीऐवजी दोन दातांचा काटा असतो, तिथे हे हँडल बसतच नाही. सरकत्या खिडक्यांचं लॉक तर पूर्ण वेगळं, ते पल्ल्याचा सेक्शन, म्हणजे त्याच्या पट्टीचा आकार दाखवूनच घ्यावं लागतं. मापं जुळली की कुठल्याही कंपनीचं हँडल चालतं. ‘आमच्याच कंपनीचं लागेल, बाहेर मिळत नाही’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. आम्हाला फॅब्रिकेटरने आणलेलं झिंकचंच, पण जाड कोटिंगचं हँडल ३८० रुपयांना पडलं. बिजागऱ्यांचे स्क्रू आवळून पल्ले वर घेतल्यावर हॉलची खिडकी सासूबाई एका हाताने लावतात.

बिलाकडे नंतर नीट पाहिलं. जीएसटी क्रमांक होता, पंधरा अक्षरांचा, पण सुरुवात ०७ ने. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, दिल्लीचे ०७. जीएसटीच्या पोर्टलवर हा क्रमांक कुणालाही फुकट तपासता येतो. तपासला, तर दिल्लीच्या कुणा कापड व्यापाऱ्याचा निघाला. त्या बिचाऱ्याला याची गंधवार्ताही नसणार. शिवाय राज्यातल्या राज्यात काम झालं, तर बिलावर केंद्राचे ९ आणि राज्याचे ९ टक्के असे वेगळे दाखवावे लागतात. सरसकट ‘जीएसटी १८%’ लिहिलेलं दिसलं, तेव्हाच शंका यायला हवी. ज्याची नोंदणीच नाही त्याला जीएसटी आकारण्याचा अधिकारच नसतो. म्हणजे ते ४,१२२ रुपये सरकारकडे गेलेच नाहीत.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण तक्रार कुणाविरुद्ध नोंदवायची इथे गाडी अडली, कारण ज्या कंपनीचं नाव वापरलं तिने हात झटकले, आणि ते योग्यच होतं. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो. शेवटी सायबर फसवणुकीच्या पोर्टलवर तक्रार दिली. क्यूआर स्कॅन करताना दिसलेलं नाव आणि व्यवहार क्रमांक तिथेच उपयोगी पडले. तिथल्या माणसाने सांगितलं की १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन पैसे गेल्या गेल्या, तासाभरात करायचा असतो, तेव्हा खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. आमची रक्कम केव्हाच पुढे सरकलेली होती. तक्रार अजून उघडी आहे.

नकाशावरच्या त्या नोंदीविरुद्धही मी आणि शेजाऱ्यांनी तक्रार केली होती. ती गेली. काही दिवसांनी तोच लोगो आणि नवा नंबर घेऊन दुसरी नोंद आली आहे, आणि तिच्याखालचे पहिले काही अभिप्राय जुन्या नोंदीवरच्यांशी शब्दन् शब्द जुळतात.