ट्रॅकवर दोन दिवस, घाटात आठ महिने

फेब्रुवारीत रेस ट्रॅकवर मोटरसायकल चालवायला शिकवणारा दोन दिवसांचा कोर्स केला तेव्हाच लिहायला बसले होते. पण ट्रॅकवरून आल्याआल्या माणूस भारावलेला असतो, त्यामुळे मुद्दाम थांबले. आता आठ महिने झाले, गाडी साडेसहा हजार किलोमीटर फिरली. साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट आठवड्यातून दोनदा, अधूनमधून पसरणी, दोनदा आंबेनळी आणि मध्ये अख्खा पावसाळा. आता बोलायला हरकत नाही.

मी बारा वर्षं मोटरसायकल चालवतेय, सध्या २०० सीसीची. कोर्सला जायचं कारण पसरणीतलं एक डावं वळण. दोन वर्षांपूर्वी त्या वळणावर समोरून एसटी आली, मी घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला आणि कललेली गाडी एकदम सरळ उभी राहिली. सरळ झालेली गाडी सरळच जाणार, ती पांढऱ्या पट्टीपलीकडे गेली. एसटीच्या ड्रायव्हरने बाजू दिली म्हणून वाचले. नेमकं काय चुकलं ते कोणालाच नीट सांगता येईना. 'स्पीड जास्त असेल' एवढंच सगळे म्हणायचे. स्पीड चाळीसही नव्हता.

ट्रॅक चेन्नईजवळ, इरुंगट्टुकोट्टईला. पूर्वी मद्रास मोटर रेस ट्रॅक म्हणायचे, आता मद्रास इंटरनॅशनल सर्किट. लांबी जवळपास ३.७ किलोमीटर, वळणं बारा. साताऱ्यावरून जाणारा आपला ४८ नंबरचा हायवेच पुढे कोल्हापूर, बंगळुरू करत तिकडे जातो. मी मात्र पुण्याहून रेल्वेने गेले आणि गाडी तिथेच भाड्याने घेतली. फी, गाडी, लेदर सूट, प्रवास, राहणं मिळून बेचाळीस हजार लागले. सूट भाड्याने देणाऱ्याकडे बायकांच्या मापाचा एकही नव्हता. खांद्यात ढगळ, मांडीला घट्ट. त्या सूटमध्ये दोन दिवस काढणं हा खरोखर त्रास होता आणि हे बदलायला हवं. बायकांनो, जमलं तर स्वतःचे ग्लोव्हज आणि बूट घेऊन जा.

पहिल्या सेशनला सांगितलं, चौथा गिअर, ब्रेकला हात लावायचा नाही. वळण येण्याआधी थ्रॉटल, म्हणजे उजव्या मुठीतला अ‍ॅक्सिलरेटर, सोडायचा, गाडी वळवायची आणि वळवून झाली की थ्रॉटल हळूहळू, न थांबता उघडत जायचा. मला हे उलटं वाटलं, कारण वळणात मी कायम थ्रॉटल बंदच ठेवत आलेले. कारण मात्र साधं आहे. थ्रॉटल एकदम मिटला की वजन पुढच्या चाकावर येतं, सस्पेन्शन दबतं, गाडी अस्वस्थ होते. हळूहळू उघडला की वजन मागच्या रुंद टायरवर जातं आणि गाडी स्थिरावते. तिसऱ्या फेरीत एका लांब उजव्या वळणात ते पहिल्यांदा जमलं. गाडी रुळावर ठेवल्यासारखी गेली. हेल्मेटमध्ये मी मोठ्याने ओरडले.

त्यानंतर प्रशिक्षकाने मला थांबवलं. स्टँडवरच्या गाडीवर बसवून एका बोटाने माझं कोपर हलवलं, तर हँडल हललं. "मॅडम, गाडी नहीं हिल रही, आप हिला रहे हो." हात ताठ, मुठी आवळलेल्या. मग गुडघ्यांनी टाकी धरून कोपरं सैल सोडायला शिकवलं. डावीकडे वळायचं तर डावं हँडल हलकेच पुढे ढकलायचं, हेही तिथेच कळलं. बारा वर्षं मी नकळत तेच करत होते, पण कळल्यावर गाडी हवी तेव्हा, हवी तेवढी वळायला लागली.

झेंड्यांच्या खुणा, पिटमधून (ट्रॅकशेजारच्या थांब्यातून) बाहेर पडायचे नियम वगैरे सगळं सांगतात, त्याची काळजी नको.

आता घाटाचं. ट्रॅकवर रस्त्याची पूर्ण रुंदी तुमची असते, घाटात निम्मीच, आणि त्या निम्म्यातही खडी, शेण, डिझेल सांडलेलं. तिथली लाइन, म्हणजे वळणातून गाडी न्यायचा मार्ग, इथे जशीच्या तशी उचलली तर जीव जाईल. सीटवरून खाली झुकायचं प्रकरण तर रस्त्यावर पूर्ण विसरायचं. पण उशिरा वळणं मात्र इथे सोन्यासारखं उपयोगी पडलं. आंधळ्या वळणात पूर्वी मी घाईने आत शिरायचे आणि बाहेर पडताना समोरच्याच्या लेनकडे ढकलली जायचे. आता आपल्याच लेनमध्ये बाहेरच्या बाजूने जात राहते, पलीकडचं दिसू लागलं की मगच वळवते. सप्टेंबरमध्ये कासला पर्यटकांची रांग लागलेली असताना एक कार अर्धी माझ्या लेनमध्ये आली. कारकडे न बघता डावीकडच्या मोकळ्या जागेकडे बघितलं, हँडल थोडं ढकललं, गाडी तिकडे गेली. हे विचार करून झालं नाही, हातानेच केलं.

सगळंच टिकलं नाही. ओल्या रस्त्यावर माझे हात अजून ताठ होतात, जुलैत तर पहिल्यासारखेच झाले होते. दर रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात दहा मिनिटं सराव केला तेव्हा सैल झाले. दोन दिवसांत सवय लागत नाही, ती घरी येऊन लावून घ्यावी लागते. टायरची हवा मात्र आता थंड टायरवर, दर आठवड्याला, स्वतःच्या गेजने बघते.

गेल्या आठवड्यात गाडी सर्व्हिसिंगला टाकली. आमचा मेकॅनिक माझी गाडी सहा वर्षं बघतोय. आधी मी बहुतेक मागचाच ब्रेक दाबायचे, त्यामुळे दरवेळी मागचे ब्रेकपॅड संपलेले असायचे, पुढचे जवळपास नवे. या वेळी त्याने हाक मारली, "ताई, पुढचे पॅड बदलायला लागतील. मागचे अजून चालतील की." मी पुढचे टाकायला सांगितले आणि जुने दोन घरी घेऊन आले. ते आता माझ्या टेबलावर आहेत.